नरक्याचे विष कामी कसे आले?

सह्याद्रीच्या सदाहरित रानात, महाबळेश्वर-आंबोलीच्या बाजूला, नरक्या नावाचे एक झाड आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. त्यावरूनच हे नाव पडले असावे. चीनमध्ये आणखी एक झाड वाढते. त्याला तेथील लोक ‘शी शू’, म्हणजे ‘आनंदवृक्ष’ म्हणतात. ही दोन झाडे नात्याने जवळची नाहीत. तरीही दोघांच्या अंगात एकच विष तयार होते. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन.

औषधांना दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावर आज जी नवी औषधे वापरली जातात, त्यांतल्या काहींचे मूळ या विषात आहे. मग नरक्याच्या पाल्याचा काढा घेतला तर चालेल का? असा प्रश्न वर्गात एखादी मुलगी विचारील, आणि कदाचित तिच्या घरी कोणी आजारीही असेल. त्यामुळे उत्तर नीट माहीत असलेले बरे.

प्रथम हे विष काय करते ते पाहू. एक छोटा प्रयोग करा. सुतळीचे दोन धागे एकमेकांना पीळ देऊन घ्या. एक टोक कोणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाकडून दोन्ही धागे ओढून वेगळे करू लागा. पुढचा पीळ अधिकाधिक घट्ट होतो आणि शेवटी सुतळीला गाठी पडतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएच्या दोन धाग्यांवर हीच पाळी येते. पेशीजवळ यावर उपाय आहे. टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर दोनपैकी एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या क्षणी, कापलेल्या जागी, पाचरीसारखे अडकते. धागा कापलेलाच राहतो. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. हे १९८५ मध्ये उलगडले.

रेणू मात्र त्याआधीच हाती आला होता. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९६६ मध्ये आनंदवृक्षातील कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले होते. पुढे १९७१ मध्ये या दोघांनी यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधले, तेही सहकाऱ्यांसह. १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन नरक्यात सापडले.

पण रुग्णांवर ते वापरून पाहिले तेव्हा निराशा झाली. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळावे म्हणून त्याचा सोडियम क्षार केला, तर रेणूतले एक कडे उघडते, आणि कडे उघडले की औषध जवळजवळ निकामी होते. तेच औषध मूत्राशयात पोचल्यावर तेथील आम्लतेने कडे पुन्हा मिटते आणि विष जागे होते. रुग्णांना मूत्राशयाचा रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घटल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या चाचण्या थांबवाव्या लागल्या. काढ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. शुद्ध केलेला, मोजून दिलेला, डॉक्टरांच्या देखरेखीखालचा रेणूही जेथे झेपला नाही, तेथे पाल्यात तो किती आहे याचा पत्ता नसताना काढा पिणे म्हणजे विषाचीच परीक्षा घेणे.

रसायनशास्त्रज्ञांनी हा रेणू सोडून दिला नाही. त्यात फेरफार करून पाण्यात विरघळणारी दोन औषधे तयार झाली: टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. दोघांनाही अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. इरिनोटेकॅनपासून शरीरात एसएन-३८ नावाचा रेणू बनतो; तो मूळ औषधाच्या शेकडो पट प्रभावी असतो.

आता ‘दाद न देणे’ म्हणजे काय ते पाहू. कपाशीवर एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले तर काय होते, हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. बहुतेक बोंडअळ्या मरतात. ज्या थोड्या जन्मतःच चिवट असतात त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. गाठीतल्या अब्जावधी पेशींचेही असेच होते. औषध पेशीला चिवट बनवत नाही. ते आधीच चिवट असलेल्यांची निवड करते. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हा चिवटपणा अनेक प्रकारचा असतो. काही पेशींच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. होडीत शिरलेले पाणी उपसून टाकावे तसे ते आत आलेले औषध बाहेर फेकतात. असा पहिला पंप १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांनी शोधला. टॅक्सॉल आणि सदाफुलीपासून मिळणारी औषधे तो बाहेर फेकतो. दुसरा पंप १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतच सापडला. टोपोटेकॅन आणि एसएन-३८ यांना तो बाहेर काढतो. दुसरा प्रकार म्हणजे ज्या प्रथिनावर औषध बसते त्याचाच आकार बदलणे. येथे एक नवलाची गोष्ट आहे. आनंदवृक्ष स्वतःच्या विषाने का मरत नाही? २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. त्याच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक अमिनो आम्ल बदललेले आहे, आणि नेमका तोच बदल कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगपेशींतही आढळला होता. झाडाने आणि कर्करोगाने एकच पळवाट शोधली होती.

स्तनाच्या कर्करोगातला एक प्रकार विशेष अवघड असतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आणि एचईआर-२ हे प्रथिन, या तिन्ही खुणा त्याच्या पेशींवर नसतात. म्हणून त्याला ‘त्रि-ऋण’ म्हणता येईल. या खुणांवर नेम धरणारी औषधे येथे चालत नाहीत. मग टॅक्सॉलच्या जातीची औषधे देतात. पण रोग पसरला असेल तर काही काळाने तीही थकतात.

अशा वेळी एसएन-३८ जास्त मात्रेत द्यावे, तर आतडे आणि अस्थिमज्जा यांतल्या भराभर विभागणाऱ्या निरोगी पेशीही मरतात. विष पुरेसे जहाल होते. ते योग्य दारी पोचवण्याची सोय नव्हती. ही सोय प्रतिपिंडाने केली. त्रि-ऋण कर्करोगाच्या बहुतेक गाठींच्या पेशींवर ट्रॉप-२ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला ओळखून चिकटणारे प्रतिपिंड घेतले आणि प्रत्येकाला एसएन-३८ चे सात-आठ रेणू एका तुटणाऱ्या दुव्याने बांधले. प्रतिपिंड गाठीपाशी पोचले की दुवा तुटतो आणि विष तेथे मोकळे होते. हे औषध म्हणजे सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन. अमेरिकेत त्याला एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. मनसुख वाणी यांचे निधन त्याच महिन्यात झाले; ते ९५ वर्षांचे होते.

२०२१ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग पसरलेल्या, आणि टॅक्सॉलच्या जातीची औषधे आधी घेऊन झालेल्या ४६८ रुग्णांची त्यात तुलना होती. नेहमीच्या केमोथेरपीवर रोग पुन्हा वाढू लागण्याचा मध्यक काळ १.७ महिने होता, नव्या औषधावर ५.६ महिने. जगण्याचा मध्यक काळ ६.७ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेला. वॉल-वाणी यांचे एक औषध थकले तेथे त्यांचाच आधी टाकून दिलेला रेणू उपयोगी पडला. कॅम्प्टोथेसिनच्याच वंशातला आणखी एक रेणू आता एचईआर-२ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडून देतात.

हे आकडे मुलांना सांगताना त्यांचा अर्थही सांगावा. सुमारे साडेपाच महिने जास्त मिळणे ही रुग्णाच्या घरच्यांसाठी लहान गोष्ट नाही. पण याला रोग बरा होणे म्हणत नाहीत. जुलाब, पांढऱ्या पेशी घटणे हे त्रास आहेतच. आणि या औषधालाही चकवणाऱ्या पेशी सापडल्या आहेत: कुठे टोपोआयसोमरेज बदललेले, कुठे ट्रॉप-२.

‘अमुक वनस्पतीने कर्करोग बरा होतो’ अशी बातमी वर्गात आली की तीन प्रश्न विचारायला शिकवा. पेशी मेल्या त्या काचेच्या बशीत, उंदरात की माणसात? औषध किती मात्रेत दिले? आणि ते न घेणाऱ्यांशी तुलना केली होती का? बशीत हळदीतले कुर्क्युमिनही कर्करोगाच्या पेशी मारते. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे पोचते, आणि माणसांत कर्करोग बरा केल्याचा पुरावा नाही. चालू उपचार सोडून पाल्याच्या मागे लागलेल्या रुग्णाचा हातचा वेळ जातो. स्तनात गाठ लागली तर ती दुखत नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवावी, हेही मुलींनी घरी आईला, मावशीला सांगितले तर बरेच साधेल.

राहता राहिला नरक्या. त्याच्या लाकडाला निर्यातीसाठी मागणी आल्यावर पश्चिम घाटात त्याची बेसुमार तोड झाली, आणि तस्करीही झाली. वनसहलीत तो भेटला तर मुलांना जरूर दाखवा. पाने तोडू नका, चाखू तर मुळीच नका.