वाटेत राहिलेली थायमस

लहान मुलाच्या मानेवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवायचा तर जेल आधी कोमट करून घ्यावं. गार लागलं की पोर मान आखडतं आणि थायरॉईड धड दिसत नाही. पाच-सहा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या थायरॉईडमध्ये, बहुधा खालच्या अर्ध्या भागात, लांबट काळसर डाग दिसतो आणि त्यात बारीक पांढरे ठिपके. चिठ्ठीवर 'कॅन्सर?' असं लिहिलेलं असतं. शंका अगदीच अनाठायी नाही. थायरॉईडच्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये कॅल्शियमचे कण असेच चमकतात.

अशा वेळी गाठीवर रेंगाळण्यात अर्थ नसतो. मी प्रोब खाली आणते, छातीच्या हाडावरच्या खाचेत टेकवते आणि आत कलवते. या वयात खरी थायमस, म्हणजे प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी, तिथे ऐसपैस पसरलेली असते. मशीनचा गेन बदलायचा नाही, नाहीतर तुलनाच फसते. पडद्याचे दोन भाग करून डावीकडे गाठ, उजवीकडे थायमस ठेवायची. तोच काळसरपणा, तेच ठिपके आणि रेघा दिसल्या, की गाठ म्हणजे थायमसचाच तुकडा. प्रोब हलकेच दाबला की मऊ थायमस आकार बदलते. शेजारच्या रक्तवाहिन्यांना ती ढकलत नाही.

गर्भात थायमस तयार होते ती घशाजवळ, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि मग दोन्ही बाजूंनी छातीत उतरते. उतरताना एखादा तुकडा मागे राहतो: जबड्याच्या कोनापासून खाली कुठेही, कधी थेट थायरॉईडच्या पोटात.

घाईने सुई घातली तर गोंधळ वाढतो. स्लाइडवर नुसत्या लिम्फोसाइट, त्याही अपरिपक्व. पेशींवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही खुणा एकदम सापडतात, आणि तशा त्या एका जातीच्या लिम्फोमातही सापडू शकतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हॅसलचे गोळे दिसले तर पॅथॉलॉजिस्ट सुटला; पण सुईत ते येतीलच असं नाही. (हे हॅसल म्हणजे लंडनच्या बाजारातली अन्नभेसळ सूक्ष्मदर्शकाखाली पकडणारे डॉक्टर. नजर चांगली होती.)

थायमसबद्दलच्या गैरसमजाची किंमत मुलांनी पूर्वीही मोजली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तान्ह्या बाळांची थायमस 'मोठी' म्हणून तिच्यावर एक्स-रेचे उपचार होत. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड या डॉक्टरांनी थायरॉईडचा कॅन्सर झालेली मुलं तपासली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना हे उपचार मिळाल्याचं आढळलं.

थायरॉईडमधल्या अशा तुकड्याला बहुतेक वेळा हात लावायची गरज नसते, अधूनमधून सोनोग्राफी पुरते. मानेतली मोठी गाठ श्वासनलिका दाबत असेल तर काढावीच लागते. पण छातीत थायमस नसलेलं मूलही असू शकतं, आणि मग मानेतला तुकडा काढणं म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती घडवणारी एकुलती एक जागा काढणं. म्हणून माझ्या रिपोर्टमध्ये गाठीच्या मापाआधी एक ओळ असते: छातीतली थायमस जागेवर आहे.