फुकटचा वेग महागात पडू नये

“बाबा, मी आपल्या कॉम्प्युटरचा स्पीड वाढवला, तोही एक पैसा न खर्च करता!” कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांनी असे सांगितले, तर आपल्याला कौतुकच वाटेल. पण पाठ थोपटण्यापूर्वी त्याने नेमके काय केले, ते विचारून घ्या.

प्रत्येक प्रोसेसरचा वेग कंपनी ठरवून देते. सेटिंग बदलून त्याहून जास्त वेगाने तो चालवणे म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’. या छंदाला बहर आणला तो १९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने. त्याचा ठरलेला वेग होता ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० केला, की तो ४५० वर धावू लागे. बरेच नग हे सहन करीत. ज्यांचे करीत नसत, ते मित्रांत फारसे बोलत नसावेत!

कंपनी थोडी क्षमता राखून ठेवते ती उगाच नव्हे. पंख्यात धूळ साचते, खोलीही तापते. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा प्रोसेसरचा पंखा खोलीतली तीच गरम हवा आत फिरवतो. त्यात वेग वाढवला की उष्णता वाढते. वाढलेला वेग झेपावा म्हणून व्होल्टेजही वाढवतात. व्होल्टेज १० टक्के वाढले, तर वेग तोच असला तरी प्रोसेसर सुमारे २१ टक्के जास्त वीज खातो. अशा ताणाखाली आतल्या अतिसूक्ष्म धातूच्या तारा हळूहळू झिजतात आणि आयुष्य घटते.

तरीही प्रोसेसर बंद पडला, तर निदान कळते तरी. आजचे प्रोसेसर फार तापले तर आपणहून वेग कमी करतात किंवा बंद होतात. खरी भीती आहे न कळणाऱ्या चुकीची. दिवसभर सगळे सुरळीत दिसते आणि कुठेतरी एक आकडा चुकीचा लिहिला जातो. दुकानाचा हिशेब, लग्नाचे फोटो, मुलीचा प्रबंध, काहीही बिघडू शकते. बिघडलेल्या फाइलची प्रत काढून ठेवली, तर प्रतही बिघडलेलीच.

खुद्द इंटेललाही हा धडा मिळाला. कंपनीने जुलै २००० अखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. परीक्षकांकडे मात्र लिनक्सचा गाभा संकलित करण्यासारखी कामे मध्येच कोसळू लागली. महिन्याभरात कंपनीने तो परत मागवला. वेग कंपनीनेच ठरवलेला होता, तरी ही गत!

तेव्हा मुलाला हौस असेल, तर जुन्या, रिकाम्या संगणकावर भागवू द्या. वॉरंटीचा कागदही वाचा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान त्यात सहसा धरत नाहीत. वापरलेला संगणक विकत घेत असाल, तर बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग आधी परत आणा. आधीच्या मालकाच्या घरीही एखादे चिरंजीव असू शकतात.