पडला म्हणे

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत डॉक्टर मॅडम मुलाशी गप्पा मारतामारता आधी नडग्या बघतात. पळत्या पोराच्या नडग्या, गुडघे, कपाळ काळंनिळं नसेल तरच नवल. मग सदरा वर होतो. कान, मान, पोट, दंडाची आतली बाजू या जागांना पडून सहसा मार लागत नाही. आणि जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर एक वळ दिसला तरी मॅडम थांबतात.

मी त्यांच्या ओपीडीत बसले होते तेव्हा दीड वर्षाची एक मुलगी आली. दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे भाजलेले, वरची कड दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. "गरम पाणी सांडलं," आजी म्हणाली. सांडलेलं पाणी ओघळतं, शिंतोडे उडतात. इथे एकही ओघळ नव्हता. "कधी?" "परवा." मॅडमनी आवाज चढवला नाही. आईला बाजूला घेऊन तेच विचारलं, दोघींची उत्तरं त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिली, मुलीला दाखल करून घेतलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली.

घाई उलटही अंगाशी येते. आपल्याकडे कित्येक बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात, ते माराचे नसतात. मेळघाटात पोटफुगीवर 'डंबा' म्हणून पोटाला चटके देतात. ती इजाच, पण देणाऱ्याच्या मनात उपचार असतो.

हेळसांड ओळखणं त्याहून अवघड. विटका गणवेश म्हणजे गरिबी, आणि रोजगार बुडवून लेकराला घेऊन आलेल्या आईला हेळसांडीचा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. पण औषध फुकट मिळतंय, दोनदा सांगून झालंय, तरी कान वाहतोच आहे आणि वजन महिन्यामागून महिना घसरतंय, तेव्हा घरी कोण बघतं हे विचारावंच लागतं.

लैंगिक अत्याचारात अंगावर बहुधा खूणच नसते. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, एखाद्या घरी जायचं म्हटलं की मूल आकांत करतं. याला दुसरी कारणंही असू शकतात. मॅडम "मग काय झालं?" एवढंच विचारतात, कुणाचं नाव मुलाच्या तोंडी घालत नाहीत. पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती कळताच पोलिसांना कळवावी लागते, न कळवणं हाही गुन्हा. पुरावा शोधणं पोलिसांचं काम. मूल घरात सुरक्षित आहे का, हे बाल कल्याण समिती ठरवते. शेजाऱ्यालाही नुसत्या संशयावरून 1098 हा बाल हेल्पलाइनचा नंबर फिरवता येतो.