करसवलत म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे!

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संगणकावर काम करणारे आहेत, तसेच फाटकावरचे रखवालदार, साफसफाई करणाऱ्या भगिनी आणि कँटीनमध्ये राबणारे कामगारही आहेत. त्यांत आपली कुटुंबेही आहेत. नवरा-बायको दोघेही कष्ट करतात ते मुलांनी कॉलेज पुरे करावे म्हणून. पण याच कष्टामुळे मुलांची शिष्यवृत्ती बंद होत असेल तर?

समजा, वडिलांना महिना १५ हजार आणि आईला १२ हजार मिळतात. वर्षाचे झाले ३ लाख २४ हजार. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ मध्ये अडीच लाख ठरली, म्हणजे महिना जेमतेम २० हजार ८३३ रुपये. पुढच्या दहा वर्षांत खोलीचे भाडे, गॅस, पुस्तके सारे महागले. मर्यादा तिथेच राहिली. एकट्या वडिलांच्या पगारावर मुलगी पात्र ठरते, आई कामाला लागली की अपात्र!

सवलत कोणाच्या पदरात?

‘शिष्यवृत्ती गेली तर करात सूट घ्या,’ असा सल्ला काहीजण देतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांच्या शिकवणी शुल्कावर आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर सूट मिळते, हे खरे. पण सूट मिळते ती कर भरणाऱ्याला. ज्याला आयकर लागतच नाही, त्याला सूट कसली? २०२५-२६ पासून तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या पगारदारालाही आयकर भरावा लागत नाही. वरच्या उदाहरणातील कुटुंबाच्या हाती यातून एक रुपयाही येत नाही.

त्या रखवालदाराच्या पगारातून राज्याचा व्यवसाय कर मात्र कापला जातो, वर्षाला अडीच हजार रुपये. त्यात मुलांच्या फीसाठी सूट नाही. अमेरिकेत २००९ पासून कॉलेज खर्चावर अशी करसवलत आहे की, कर लागत नसला तरी पात्र कुटुंबाला एक हजार डॉलरपर्यंत रोख परत मिळू शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही.

पालकांनी काय करावे?

उत्पन्न अडीच लाखांवर गेले म्हणून शिक्षण थांबवू नये, आईने कामही सोडू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची ‘फ्रीशिप’ योजना नेमकी याच कुटुंबांसाठी आहे. तीत शिकवणी शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. निर्वाह भत्ता मिळत नाही. अर्ज महाडीबीटीवर भरावा. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवावे. दरवर्षी नूतनीकरण विसरू नये. मर्यादेच्या आतील, बाहेरगावाहून आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलामुलींनी स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. २०१६-१७ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा पुण्यासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले होते.

हक्क की मेहेरबानी?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. केंद्राने हात आखडला की काय होते, हे २०१७ ते २०२० या काळात दिसले. केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आला आणि बोजा राज्यांवर पडला. मागणीचा रेटा वाढल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के वाटा उचलण्याचे मान्य केले. कंपन्या २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला देतात. त्यातून शिक्षणाला मदत मिळाली तर घ्यावी. पण देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, शिष्यवृत्ती हक्काची असते.

म्हणून मागणी एकच हवी : उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडा. ज्या घरात आई-वडील दोघे राबतात, त्या घरातल्या लेकीच्या वहीवर त्याची शिक्षा नको.