कापसाच्या गासडीमागे कापडाचे वार

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर आज जाणकारांना ठाऊक आहे ते तेथील पुरातन बारवांमुळे. परंतु त्या काळ्याभोर मुलखाचा संसार पिढ्यान्‌पिढ्या ज्या कापसावर चालला, त्याच्या नशिबाशी परदेशी कापडाचा कोटा किती घट्ट बांधलेला असतो, हे 1934 च्या हिंद-जपान कराराइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

स्वस्त जपानी मालाने गिरण्या हैराण झाल्या, म्हणून 1933 साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेकडा 75 पर्यंत चढविली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावरच बहिष्कार पुकारला. अखेर तडजोड ठरली ती अशी, की जपानने वर्षाला 10 लक्ष गासड्या उचलल्यास त्याने साडेबत्तीस कोटी वार कापड शेकडा 50 जकातीने येथे आणावे, आणि जादा प्रत्येक 10,000 गासड्यांमागे 15 लक्ष वारांची सवलत मिळवीत 40 कोटींपर्यंत जावे. खरेदी घटली, तर कोटाही घटावा. पुढे 1937 मध्ये ब्रह्मदेश विभक्त झाला, तेव्हा हे आकडे पुन्हा कमी करावे लागले.

वालूर त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होते, तेथील करोडगिरीचा महसूल निराळा होता. पण कापसाच्या भावाला असल्या सरहद्दी कुठल्या अडविणार! गिरणीमालकाला परका विणकर नको होता, शेतकऱ्याला मात्र तोच गिऱ्हाईक म्हणून हवा होता, आणि सरकारने, माझ्या मते बऱ्याच चातुर्याने, दोघांचे भांडण एकाच तागडीत तोलले.