मोटारीच्या वजनांतील दहा किलो

सन २००९ च्या अखेरीस जर्मनींतील पोर्शे कंपनीनें आपल्या वेगवान मोटारींच्या गिऱ्हाइकांस एक नवी वस्तु देऊं केली. '९११ जीटी३', तिचीच अधिक कडवी बहीण '९११ जीटी३ आरएस' आणि 'बॉक्स्टर स्पायडर' या तीन गाड्यांना शिशाच्या नेहमींच्या बॅटरीऐवजीं लिथियमची बॅटरी घेतां येईल, असें तिनें जाहीर केलें. ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षां ही नवी बॅटरी दहा किलोंहून अधिक हलकी होती. तिचें एकंदर वजन सहा किलोंच्या आंतच भरे. त्यासाठीं गिऱ्हाइकानें मोजावयाचे होते १,९०४ युरो. इथवर नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. श्रीमंतांच्या गाड्यांत असे प्रकार चालावयाचेच. खरी मौज पुढेंच आहे. ही हलकी बॅटरी घेणारास कंपनी शिशाची जड बॅटरीहि सोबत देत असे. जें ओझें उतरविण्यासाठीं एवढे पैसे घेतले, तेंच पुन्हां गिऱ्हाइकाच्या पदरांत कां घालावें? हलक्या बॅटरीचें सारें मर्म या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेलें आहे.

प्रथम बॅटरीचें मोटारींतील काम पाहूं. एंजिन एकदां चालू झालें म्हणजे दिव्यांना व इतर उपकरणांना लागणारी वीज आल्टर्नेटर पुरवितो. बॅटरीची खरी गरज भासते ती एंजिनाला झोपेंतून उठवितांना. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. त्यापूर्वीं हें काम माणसाच्या मनगटाकडे असे, आणि लोखंडी हँडल अवचित उलटें फिरलें कीं मनगट मोडत असे. स्टार्टरला वीज फार वेळ लागत नाहीं, परंतु जी लागते ती एकदम लागते. दोनशें अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद घेतला असें धरूं. खर्च झाला ४०० अँपिअर-सेकंद. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे हा खर्च एका अँपिअर-तासाचा अवघा नववा हिस्सा झाला. साठ अँपिअर-तासांच्या सांठ्याशीं ताडून पाहिलें तर तो पांचशें-चाळिसावा भाग येतो.

मग एवढा मोठा रांजण गाडींतून मिरवीत न्यावयाचा कशाला? कारण असें कीं, शिशाच्या बॅटरींत सांठा आणि ओघ हीं दोन्हीं एकमेकांस जखडलेलीं असतात. तोटी रुंद हवी असेल तर रांजणच मोठा घ्यावा लागतो, असा तो प्रकार आहे. जोराचा प्रवाह हवा तर शिशाच्या पत्र्यांचें क्षेत्रफळ अधिक पाहिजे. पत्रे वाढले कीं शिसें वाढलें. आणि शिसें तर पाण्याच्या अकरा पटींहून जड! शिवाय शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत उपसलेली तिला सोसत नाहीं, म्हणून सांठ्याचा बराचसा भाग नुसता शिल्लक ठेवण्यासाठींच बाळगावा लागतो. लिथियमच्या बॅटरींत हे दोन्ही बंध पुष्कळ सैल आहेत. लहान सांठ्यांतून मोठा ओघ काढतां येतो आणि सांठा खोलवर उपसला तरी चालतो. पोर्शेच्या त्या बॅटरीचा सांठा केवळ १८ अँपिअर-तास होता. तरीहि एंजिन उठविण्याच्या कामीं ती साठाच्या बॅटरीशीं बरोबरी करी.

शिशाची बॅटरी ही फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं सिद्ध केली. दीडशें वर्षें उलटलीं तरी तिचा मूळ घाट तोच राहिला आहे: शिसें, शिशाचें ऑक्साइड आणि सौम्य गंधकाम्ल. स्वस्त, ओळखीची, आणि जुनी झाली म्हणजे वितळवून पुन्हां नवी करतां येण्याजोगी. एका किलोमागें ती तीस ते चाळीस वॅट-तास ऊर्जा सांठविते. लिथियम हा धातूंमध्यें सर्वांत हलका. शिशाचा अणु त्याच्या अणूच्या जवळजवळ तीस पट जड असतो. यावरून लिथियमची बॅटरी तीस पट हलकी व्हावी असें कोणास वाटेल, पण तसें होत नाहीं. तिच्यांत लिथियम थोडाच असतो. बाकी लोह, फॉस्फेट, ग्रॅफाइट, तांबें, ॲल्युमिनियम असा मोठा लवाजमा त्याच्याबरोबर चालतो. तरीहि मोटारीच्या उपयोगाची लिथियम-बॅटरी किलोमागें शंभर वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा सांठविते, हा लाभ लहान नव्हे.

लिथियमच्या बॅटऱ्या मात्र एका जातीच्या नाहींत, आणि घोटाळा बहुधा येथेंच होतो. टेलिफोनच्या खिशांतील यंत्रांत कोबाल्टचा उपयोग करणारी जात पुष्कळ वापरली गेली. तिच्या एका घटाचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट. असे तीन घट जोडले तर ११.१ व्होल्ट होतात, तें मोटारीस अपुरें. चार जोडले तर १४.८, तें जास्त. लोह-फॉस्फेटच्या घटाचा दाब सुमारें ३.२ व्होल्ट, चार घटांचे १२.८ होतात. शिशाचे सहा घट मिळून १२.६ व्होल्ट देतात. हा जणुं दैवानेंच जुळवून आणलेला मेळ! गाडीचा आल्टर्नेटर, दिवे, तारा यांना धक्का न लावतां एकीच्या जागीं दुसरी बसते, ती या मेळामुळें. या लोह-फॉस्फेटची महती १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांतील जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. लिथियम-बॅटरीवरील एकंदर कार्याबद्दल त्यांस २०१९ सालीं इतर दोघांसमवेत रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेंहि हा जातिभेद ध्यानांत धरला पाहिजे. २०१३ च्या जानेवारींत बोइंगच्या '७८७' या नव्या विमानांतील लिथियम-बॅटऱ्यांनीं दोनदां पेट घेतला किंवा धूर ओकला. एकदां अमेरिकेंत बॉस्टनच्या विमानतळावर, एकदां जपानांत उड्डाण चालू असतां. त्या जातीचीं सर्व विमानें कित्येक आठवडे जमिनीवर खिळून राहिलीं. त्या बॅटऱ्या कोबाल्टच्या जातीच्या होत्या. लोह-फॉस्फेटमध्यें प्राणवायु फॉस्फरसाशीं घट्ट बांधलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहजासहजीं सुटून आगीला साहाय्य करीत नाहीं. याचा अर्थ ती कधींच पेटत नाहीं असा नव्हे. अपघातांत चेंगरली, किंवा मर्यादेबाहेर भरली, तर तीहि उपद्रव देते.

आतां दहा किलोंनीं साधतें काय? 'जीटी३ आरएस' चें वजन सुमारें १,३७० किलो आणि शक्ति ४५० अश्वबळ. दहा किलो म्हणजे वजनाचा पाऊण टक्काहि नव्हे. तेवढ्या प्रमाणांत एंजिनाची शक्ति वाढवावयाची तर सव्वातीन अश्वबळें पुरेशीं होतात. पेट्रोल लिटरमागें पाऊण किलोच्या सुमारास भरतें. तेव्हां टांकींत तेरा-चौदा लिटर पेट्रोल कमी घातलें तरी आरंभीं तोच परिणाम होईल. चालविणारानें आपल्या जेवणाचा थोडा विचार केल्यासहि होईल, आणि तो उपाय फुकटचा आहे. तेव्हां केवळ बॅटरी बदलून गाडी वाऱ्याशीं स्पर्धा करूं लागेल, अशी आशा कोणीं करूं नये. परंतु शर्यतीच्या गाड्या घडविणारे एका ठिकाणीं शंभर किलो शोधीत नसतात. ते पन्नास ठिकाणीं दोन-दोन किलो शोधतात. 'बॉक्स्टर स्पायडर' मध्यें रेडिओ आणि हवा थंड करण्याचें यंत्र मुळांतच गाळलें होतें, दारांच्या आंतील मुठींऐवजीं कापडी पट्टे लावले होते. गाडी १,२७५ किलोंवर आली, ती अशा चिकाटीनें. त्या हिशेबांत एकाच वस्तूंतून दहा किलो मिळणें ही मोठीच प्राप्ति.

किती वजन गेलें याइतकेंच तें कोठून गेलें यालाहि महत्त्व आहे. बैलगाडी हांकणारास हें शिकवावें लागत नाहीं. ओझें मागें फार झालें कीं गाडी उलाळ होते, पुढें फार झालें कीं धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर येते. मोटारीचेंहि तसेंच. ९११ चें एंजिन पहिल्यापासून मागच्या चाकांच्याहि मागें, म्हणजे ती जन्मतःच उलाळ. म्हणून १९६९ ते १९७३ या सालांच्या ९११ गाड्यांत एकीऐवजीं दोन बॅटऱ्या दिलेल्या असत, आणि त्या पुढील दोन्ही दिव्यांच्या मागें, मडगार्डांच्या पोटांत ठेवीत. तेथें बॅटरीचें ओझें हेंच औषध होतें. पुढें एंजिन असलेल्या कित्येक गाड्यांत हाच विचार उलट बाजूनें केलेला आढळतो. १९८९ सालीं निघालेल्या माझदाच्या छोट्या 'एमएक्स-५' ची बॅटरी मागें सामानाच्या पेटींत आहे.

याशिवाय वळणाचा प्रश्न असतो. गाडीच्या मध्यापासून दीड मीटरवर असलेलें वजन, तेंच अर्धा मीटरवर असतां होईल त्याच्या नऊपट विरोध गाडीच्या फिरण्याला करितें. कारण येथें अंतराचा वर्ग घ्यावा लागतो. गाडीच्या टोकाला असलेले दहा किलो गेले तर वळणावर नाक अधिक चटकन फिरतें. मात्र ९११ सारख्या गाडींत तेच दहा किलो पुढच्या टोकाकडून जातात, हें विसरूं नये. चपळाई मिळते, पण समतोलांतील थोडेसें पुढचें वजन खर्ची पडतें. हा व्यवहार एकंदरींत फायद्याचा ठरतो खरा, पण निव्वळ फायद्याचा व्यवहार म्हणून त्याची जाहिरात करणें बरोबर नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लिथियमच्या बॅटरींतून जें वजन गेलें, त्याबरोबर शिल्लकहि गेली. हल्लींची मोटार उभी असली तरी पुरती झोपत नाहीं. घड्याळ, चोरापासून सावध करणारी घंटा, दुरून उघडणारीं कुलपें हीं सारीं थोडीथोडी वीज पीत असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात. साठाची बॅटरी या गतीनें ८३ दिवसांत रिकामी होईल. अठराची २५ दिवसांत. आणि अगदीं रिकामी होण्याच्या आधींच एंजिन उठविण्याची ताकद संपलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टींत महिनाभर गांवीं गेलेल्या गृहस्थाला परत आल्यावर गाडी मुकी सांपडेल.

शिशाची बॅटरी निदान सूचना तरी देते. स्टार्टरचा आवाज मंदावतो, दिवे पिवळे पडतात. लोह-फॉस्फेटचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून चांगल्या बॅटरींत एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसविलेला असतो. चारी घट समान भरले आहेत कीं नाहींत हें तो पाहतो, आणि सांठा धोक्याच्या रेषेखालीं जाऊं लागला कीं बॅटरी तोडून टाकतो. ज्या स्वस्त बॅटरींत हा पहारेकरी नाहीं, ती कितीहि हलकी असो, घरांत आणूं नये.

थंडी हा तिचा दुसरा शत्रु. पाणी गोठेल इतक्या गारठ्यांत लिथियमच्या बॅटरीचा आंतील रोध वाढतो आणि ओघ आटतो. अशा वेळीं गाडीचे दिवे थोडा वेळ लावून ठेवतात. वीज वाहिल्यानें बॅटरी आंतून ऊबदार होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नास एंजिन उठतें. भरण्याच्या बाबतींत याहून अधिक जपावें लागतें. शून्य अंशाखालीं जोरानें भरल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजीं त्याच्या पृष्ठावर धातुरूपानें चढून बसतो, आणि बॅटरी कायमची खालावते. जर्मनीचा हिवाळा कंपनीला ठाऊक होता. म्हणूनच तिनें दोन बॅटऱ्या दिल्या. दोहोंची लांबी-रुंदी व बसविण्याच्या खुणा एकच ठेवल्या. हलकी केवळ उंचीनें सात सेंटिमीटर कमी. उन्हाळ्यांत शर्यतीच्या मार्गावर लिथियम, हिमपातांत शिसें, अशी ही वांटणी होती.

आपल्याकडील बहुतेक शहरांत हिमपात नाहीं, परंतु उष्णता आहे. साठ अंशांपलीकडे या बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें, आणि एंजिनाच्या शेजारीं, बंद झांकणाखालीं, तेवढी उष्णता सहज होते. जागा एंजिनापासून दूर असेल तरच ती बसविण्याचा विचार करावा. भरण्याचें यंत्रहि तिच्या जातीचें हवें. शिशाच्या पत्र्यांवरील साका झाडण्यासाठीं कांहीं यंत्रें मध्येंच उंच दाबाचे झटके देतात. चार घटांच्या या बॅटरीला १४.६ व्होल्टच्या वर नेणें घातक आहे.

जो आठवड्याचे सहा दिवस कचेरीला जातो आणि सातव्या दिवशीं मंडईला, त्यानें या भानगडींत पडूं नये. त्याला वजन कमी करण्याची हौसच असेल तर आम्ल कांचतंतूंत शोषून ठेवणारी लहान आकाराची शिशाची बंद बॅटरी मिळते. तिनें थोडक्या खर्चांत कांहीं किलो वांचतात. 'एमएक्स-५' मध्यें मूळचीच तशी बॅटरी होती. उलट, ज्याची गाडी शर्यतीच्या मार्गावर जाते, ज्यानें खुर्च्या, चाकें, ब्रेक हें सारें आधींच हलकें केलें आहे, आणि जो गाडी उभी असतांना बॅटरी भरती ठेवण्याची काळजी घेतो, त्याचा दर किलोमागें एकशें नव्वद युरोंचा खर्च अगदींच वेडेपणाचा म्हणतां येणार नाहीं.

काढून ठेवलेल्या शिशाच्या बॅटरीकडे मात्र त्यानें दुर्लक्ष करूं नये. ती कोपऱ्यांत तशीच पडून राहिली तर आपोआप उतरते, पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात, आणि नेमकी गरज पडेल त्या दिवशीं ती कामाची राहत नाहीं. महिन्या-दीड महिन्यानें तिचा दाब तपासून ती पूर्ण भरून ठेवावी.