रास्पबेरी पाय बंद पडतोय? आधी वीज तपासा

रावेरच्या केळी पट्ट्यात भारनियमन आणि कमी-जास्त होणारा दाब नेहमीचाच. घरी किंवा शेतावर हौसेने हा छोटा संगणक चालवणाऱ्यांनी बिघाड या क्रमाने शोधावा :

● इशारा : मॉडेल ३ व ४ वरचा लाल दिवा लुकलुकला किंवा पडद्यावर विजेचे चिन्ह उमटले, तर बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली घसरला आहे.

● अडॅप्टर : दाब ५.१ व्होल्ट हवा. मॉडेल ३ साठी २.५, ४ साठी ३ आणि ५ साठी ५ अँपिअर क्षमता लागते. मोबाइलचा साधा चार्जर अनेकदा अपुरा पडतो.

● केबल : लांब, बारीक तारेत दाब घटतो. आखूड, जाड केबल लावून पाहा.

● जोडण्या : हार्ड डिस्क, मोटर काढून बोर्ड एकटा चालवा. तो नीट चालला, तर त्यांना वेगळा वीजपुरवठा द्या.

● मेमरी कार्ड : लिहिणे सुरू असताना वीज गेली तर कार्डावरच्या फायली बिघडतात. दुसऱ्या कार्डावर बोर्ड सुरू होतो का, पाहा.

बोर्ड खराब झाला असे ठरवण्यापूर्वी या पाचही गोष्टी तपासा. वीज वारंवार जात असेल, तर पुरेशा अँपिअरचा ५ व्होल्टचा छोटा यूपीएस जरूर लावा.